पितरांच्या पंधरवड्यातला फॉर्म

"ताई, आन् आजारी पडलोच न्हाई तर पैसे वापस भेटतात का?"

बावीस वर्षं झाली मला हिंगोलीत आरोग्य विम्याचं काम करताना, आणि हा प्रश्न कुणी विचारला नाही असा आठवडा काही आठवत नाही. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची. पुढं पुढं म्हणायला लागले, "भेटत नाहीत. पण आजारपणाशिवाय वर्ष गेलं याचा आनंद माना." त्यावर एक गृहस्थ म्हणाले होते, "आनंद तर फुकटातच भेटून राहिला होता की, ताई." त्यांना मी चहा पाजला. पॉलिसी काही त्यांनी घेतली नाही.

माझं ऑफिस म्हणजे बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर बहुतेक वेळा झेरॉक्सवाल्याचंच गिऱ्हाईक बसलेलं असतं. लोक मला विमाताई म्हणतात. माझं खरं नाव आता बँकेच्या पासबुकावर उरलंय तेवढंच. नवऱ्याला सुद्धा बाजारात "विमाताईंचे मिस्टर" म्हणतात आणि तो बिचारा हसून मान डोलावतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत एक जात अशी आहे की तिच्यासाठी माझा जीव जरा जास्त तुटतो. नोकरी सोडून गावाकडे आलेली माणसं. कुणी पुण्याच्या कारखान्यातून, कुणी संभाजीनगरच्या एमआयडीसीतून. पंचवीस-तीस वर्षं कंपनीचा विमा असतो. बायकोचं बाळंतपण, पोराचं अपेंडिक्स, सगळं त्या एका कार्डावर होतं. कार्ड कुठून येतं, त्यामागं काय असतं, हे कधी विचारावं लागत नाही. मग एक दिवस निरोपसमारंभ होतो, शाल-नारळ मिळतं, आणि घरी पोचेपर्यंत ते कार्ड मेलेलं असतं. हे त्यांना माहीतच नसतं. कंपनीचा विमा हा कंपनीच्या बसच्या पाससारखा असतो. नोकरी सुटली की उतरावं लागतं.

पण उतरण्याच्या आधी एक गोष्ट करता येते. कंपनीने ज्या विमा कंपनीकडून सगळ्यांचा मिळून विमा घेतलेला असतो, तिच्याकडेच स्वतःच्या नावाने पॉलिसी मागता येते. त्यात फायदा असा की जुनी वर्षं मोजली जातात. नव्याने पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं. शुगर असेल तर शुगरमुळे झालेल्या दुखण्याचा खर्च तेवढा काळ आपणच करायचा. जुन्यातून नव्यात गेलं तर हे थांबणं कमी होतं, कधी कधी राहतच नाही. नियम कंपनीप्रमाणे थोडेफार बदलतात, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. जुनं कार्ड जिवंत आहे तोवर हालचाल करायची. ते मेल्यावर तुम्ही माझ्यासमोर बसून कितीही हळहळलात तरी माझ्या हातात काही नसतं.

आता माझी एक सवय सांगते. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, "आपणास कोणता आजार आहे काय?" हा प्रश्न मी कुणालाच विचारत नाही. कारण आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे. "न्हाई." मग मी म्हणते, सकाळच्या गोळ्या दाखवा. तर आतून स्टीलचा डबा येतो आणि त्यात चार पाकिटं निघतात. "आता म्हणालात ना काही नाही?" "आजार न्हाई हो ताई, नुसती बीपीची गोळी चालू हाये." आमच्या भागातल्या माणसाच्या लेखी गोळी चालू असली की आजार मिटला. गोळी खाऊनही पडून राहावं लागलं तरच तो आजार. यात लबाडी नसते. त्यांना खरोखर तसंच वाटतं.

ही सवय मला फुकट लागलेली नाही.

धंद्यात नवी होते तेव्हाची गोष्ट. कळमनुरीचे एक क्लार्क होते, खासगी शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. शांत, इस्त्रीचा शर्ट घालणारे. मी विचारलं, आजार? ते म्हणाले, "काही न्हाई. बीपीची अर्धी गोळी खातो, ती काय लिहिता?" मला ती पॉलिसी हवी होती. महिनाअखेर होती, माझं टार्गेट अडलं होतं. मी त्या चौकटीत "नाही" लिहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. विमा कंपनीने जुने कागद मागवले, त्यात बीपीची गोळी सापडली आणि क्लेम नामंजूर झाला. माहिती लपवली म्हणून. लपवली होती मी.

ते वाचले. उजवा हात मात्र गेला. कळमनुरीच्या बाजारात कधी भेटले तर डाव्या हाताने नमस्कार करतात आणि विचारतात, "काय म्हणतो धंदा?" एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या बायकोची नजर मी अजून चुकवते, हे इथं लिहून टाकते.

तेव्हापासून मी डबा मागते. कुणी रागावलं तरी मागते.

दोनेक वर्षांपूर्वी दिगंबरराव माझ्या टेबलाशी आले. मूळचे सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे, वाळूजला एका कारखान्यात सव्वीस वर्षं मशीनवर उभे राहिलेले. राजीनामा दिला होता, नोटिशीचा काळ संपत आला होता, सप्टेंबरच्या शेवटच्या तारखेला मोकळे होणार होते. थोरल्या भावाबरोबर शेती करायची, हळद लावायची, याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. बेण्यापासून शिजवण्यापर्यंत सगळी हळद त्यांनी मला तोंडी करून दाखवली. मी म्हटलं, "दादा, हळदीचं समजलं. विम्याचं काय?"

"म्हणून तर आलो. माझं काही न्हाई. पण आमच्या मंडळींना शुगर हाये, बीपी हाये."

बायकोच्या आजाराचं नाव स्वतःहून घेणारा नवरा म्हणून मी त्यांना तिथल्या तिथं चांगल्या माणसांत जमा केलं. कंपनीचा विमा कुणाकडे आहे ते पाहिलं, स्वतःच्या नावाने पॉलिसी कशी मागायची ते सांगितलं, फॉर्म दिला. त्यांच्या विमा कंपनीचा नियम होता की नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत अर्ज पोचला पाहिजे. ते दोघं पितरांसाठी गावी येणारच होते. तेव्हा बायकोला विचारून भरू, सह्या करू, असं ठरलं.

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, आमचे भाऊ म्हणून राहिले, पितृपक्षात नवं काही करायचं न्हाई. घट बसले की लगेच सही करू. दोनतीन दिवसांचाच तर फरक हाये."

घटस्थापना होती ऑक्टोबरच्या तीन तारखेला. कार्ड मरणार होतं तीस सप्टेंबरला. फरक तीन दिवसांचाच होता, पण कार्ड त्या तीन दिवसांच्या अलीकडे होतं आणि शुगर-बीपीसाठी थांबण्याची वर्षं पलीकडे. फोनवर खूप सांगितलं. ते "व्हय, बराबर हाये" म्हणत राहिले. मराठवाड्यात माणूस असं म्हणत राहिला की समजायचं, तो करणार नाही. दुसऱ्या दिवशी मी सेनगावची बस धरली आणि तिथून जीपने साखऱ्याला गेले.

नेमकी त्यांच्या वडिलांची तिथी होती. मला माहीत नव्हतं. आम्ही बौद्ध, आमच्या घरी पितर नसतात, त्यामुळे तिथी वगैरे डोक्यात येत नाही. अंगणात पान वाढून ठेवलेलं, खीर, कढी, वडे, आणि सगळं घर कावळ्याची वाट पाहत उभं. मी पिशवी घेऊन दारात. थोरले भाऊ ज्ञानबाराव, सत्तरीच्या घरातले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "या ताई. पण ते कागद आज काहून आनले?"

कावळा येईपर्यंत मी गप्प बसले. तेवढं मलाही कळतं. कावळा शिवला, मग बोलले. "भाऊ, हे नवं नाही. जुनाच विमा पुढं चालू ठेवायचा आहे."

"कागद नवा हाये न्हवं? सही नवी हाये. या पंधरवड्यात आमी नवं धोतर घेत न्हाई, आन् हे तर दवाखान्याचं. तुमच्यात हे पाळत न्हाईत ताई, आमच्यात पाळतात."

ते तोडून बोलले नव्हते, समजावूनच बोलले होते. तरी मला लागलं जरा. पण माणूस मनातलं तोंडावर बोलतो तेव्हा त्याच्याशी बोलता तरी येतं. मी पुढचं वाक्य जुळवत होते तोवर आतून दिगंबररावांची बायको आली. कौसल्याबाई. डोक्यावर पदर, हाताला बेसन. थोरल्या दिराशी ती सहसा बोलत नसावी, कारण बोलली ती नवऱ्याकडे पाहून.

"मामंजी दोन दिस या ओसरीवर पडून होते. छातीत दुखून राहिलं होतं त्यांच्या. उद्या नेऊ, परवा नेऊ म्हणताना गेले. आज त्यांचंच पान वाढलं. दवाखान्याच्या कागदावर सही केली म्हणून ते रागावतील व्हय?"

ज्ञानबाराव उठले, रांजणाशी जाऊन हात धुतले, टॉवेलला पुसले. "करा," म्हणाले. "पन आधी जेवा."

मी त्यांच्या पंगतीत बसून वडे खाल्ले. चांगले झाले होते. कढीत मात्र मीठ नव्हतं आणि कौसल्याबाईंचं लक्ष कशातच नव्हतं, हे तेव्हा मी एकमेकांशी जोडलं नाही.

जेवणानंतर दिगंबररावांनी त्यांची पानं भरली, सही केली. मी कौसल्याबाईंबरोबर स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "सकाळच्या गोळ्या दाखवा." डबा आला. शुगरची, बीपीची, आणि खाली ॲसिडिटीच्या गोळ्यांची तीन पाकिटं. दोन संपलेली, तिसरं निम्मं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"जळजळ होती."

"कुठं?"

त्यांनी छातीच्या मधोमध हात ठेवला. मी डॉक्टर नाही. पण बावीस वर्षं क्लेमच्या फायली वाचल्यात, आणि निम्म्या हृदयाच्या फायली ॲसिडिटीच्या गोळीपासून सुरू होतात. विचारलं, "जिना चढलं की होते? बसलं की थांबते?" डब्याचं झाकण लावत त्या हळूच म्हणाल्या, "व्हय. हाताकडं बी जाती."

ही बाई सहीसाठी दिरासमोर का बोलली, ते आता मला कळलं.

"दिगंबररावांना माहीत आहे?"

"न्हाई. आन् तुमी सांगू नका, ताई. तुमच्या पाया पडते. छातीचं कळलं तर राजीनामा वापस घेतील. कंपनीचं कार्ड हाये म्हणून आनखी चार-पाच वर्षं त्या मशीनवर उभे राहतील. त्यांचे गुडघे गेले. तितं त्यांचं मन न्हाई आता. तुमी शुगर लिवा, बीपी लिवा. एवढं एक लिवू नका."

"किती दिवस झाले दुखतंय?"

"चार."

चार दिवसांत माणूस अडीच पाकिटं गोळ्या खात नाही. पण ते मी बोलले नाही. मला कळमनुरीचे क्लार्क आठवले. मी म्हटलं, "बाई, ही चौकट मी खोटी भरणार नाही. एकदा भरली होती, ती अजून मला झोपू देत नाही. आज ती रिकामी ठेवू. पण दुसरं ऐका. तुमचं जुनं कार्ड अजून पाच दिवस जिवंत आहे. त्या कार्डावर पहिल्या दिवसापासून सगळे आजार आहेत, हृदय सुद्धा. पाच दिवसांच्या आत दवाखान्यात गेलात तर खर्च कंपनीच्या विम्यातून. नंतर गेलात तर तुमच्या हळदीतून. आता त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

बाई रडल्या. चुलीकडे तोंड करून रडल्या, आवाज न करता. मग पदराने डोळे पुसले आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "चार दिवस झाले, छातीत थोडं दुखतंय. ताई म्हणतात दाखवून या."

दिगंबरराव उठून उभे राहिले. पितृपक्षात दवाखाना नको, असं कुणी म्हणेल या भीतीने मी थोरल्या भावाकडे पाहत होते. ज्ञानबारावांनी खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाले, "गाडी मी सांगतो. आत्ता निघा."

त्याच संध्याकाळी त्या नांदेडला पोचल्या. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. स्टेंट टाकला. कॅशलेसची मंजुरी यायला अर्धा दिवस लागला, त्या अर्ध्या दिवसात दिगंबररावांनी मला एकवीस वेळा फोन केला आणि एकविसाव्या वेळी मी ओरडले. मग तेच म्हणाले, "मंजूर झालं, ताई."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण लोक मला नेहमी तेच विचारतात. नवी पॉलिसी मिळाली. विमा कंपनीने खूप प्रश्न विचारले, डॉक्टरांचे कागद मागवले, हप्ता वाढवला आणि हृदयासाठी थांबायला लावलं. शुगर आणि बीपीची जुनी वर्षं मात्र मोजली. दिगंबरराव म्हणतात फार महाग आहे. आहेच. मी कधी स्वस्त आहे म्हणून कुणाला विकली नाही. त्यांनी हळद लावली, पहिल्या वर्षी कंद कुजले, दुसऱ्या वर्षी बरी आली. कौसल्याबाई रोज बांधापर्यंत चालत जातात. ज्ञानबारावांना मी पॉलिसी देऊ शकले नाही, वय आणि दमा आडवा आला, पण सरकारी योजनेचं कार्ड काढून दिलं. या कामात सगळंच मनासारखं होत नाही. जेवढं होतं तेवढ्यावर मी खुश आहे.

कुणी विचारलं की नोकरी सोडताना काय बघायचं, तर मी म्हणते, राजीनामा लिहायच्या आधी विमा बघा. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, बिलाचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो का, आणि आपल्या नांदेड-हिंगोलीतला कोणता दवाखाना त्यांच्या यादीत आहे. पुण्यातल्या दवाखान्यांची लांबलचक यादी इथं काय कामाची? आणि घरातल्या बायकोचा गोळ्यांचा डबा स्वतः उघडून बघा. नवऱ्यांनी हे काम माझ्यावर का सोडावं, मला कळत नाही.

तर ती रिकामी चौकट.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन नांदेडला गेले; संध्याकाळच्या आत तो तिथल्याच विमा कंपनीच्या ऑफिसात द्यायचा होता. कौसल्याबाईंना त्या दिवशी घरी सोडणार होते. बाई पलंगावर बसून मोसंबी सोलत होत्या, चेहऱ्यावर रंग आला होता. दिगंबरराव खुर्चीत होते. चार दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती. मला पाहताच म्हणाले, "ताई, मी साहेबांना फोन करून राहिलो. राजीनामा वापस घेतो."

"साहेबांनी तुमच्या जागी पोरगं घेतलं सुदिक," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता गपचूप हळद लावा."

मी फॉर्म काढला. उरलेली चौकट त्यांच्यापुढं ठेवली आणि पेन बाईंच्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिलं. "तुम्ही लिहा. त्या सांगतील. आणि खरं सांगा, बाई. डॉक्टरांनी जे लिहिलंय त्याच्याशी हे जुळलं पाहिजे. डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलंत ते मी कागदावर वाचलंय."

दिगंबररावांनी आजाराचं नाव लिहिलं. उपचार लिहिला. दवाखान्याचं नाव लिहिलं. मग शेवटचा रकाना वाचला, "लक्षणे केव्हापासून", आणि स्वतःशीच म्हणाले, "चार दिवस आधी म्हंजी…"

"चार न्हाई," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यांनी वर पाहिलं. "मग कवापासून?"

बाईंनी मोसंबीची फोड बशीत ठेवली. "तुमी राजीनामा देऊन पेढे घेऊन आलते न्हाई का? त्या सांजंपासून. पेढा खाल्ला आन् लागलं दुखायला. तुमी हळदीचंच बोलून राहिले होते. कसं सांगावं?"

दिगंबररावांनी पेन पुन्हा रकान्यावर टेकवलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण तिथं माझं काही काम नव्हतं. मागं वळले तेव्हा त्यांनी तारीख लिहिली होती. जुलैची. अक्षर वाकडं आलं होतं, पण तारीख बरोबर होती.